उपदेश शिकायचा तर पुण्याची सेमिनरी की कोल्हापुरातले पाळकसाहेब?

ख्रिस्ती मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. आज इथल्या ख्रिस्ती तरुणाला चर्चमध्ये उपदेश करायला शिकायचं असेल तर दोन वाटा आहेत.

पहिली सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेची. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. तिथे बायबलचा उतारा संदर्भासह वाचायला शिकवतात, ग्रीक-हिब्रूची तोंडओळख होते. पण शिक्षण इंग्रजीतून, आणि वर्षं मोडतात.

दुसरी वाट म्हणजे आपल्याच चर्चच्या पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) मागे फिरायचं. अंत्यविधीचा उपदेश मला वाटतं इथेच शिकता येतो. सकाळी निरोप येतो, संध्याकाळी दफन. तयारीला वेळ कुठला? बायबलातल्या योहान ११ मधलं, भाऊ वारल्यावरचं मार्थेचं येशूशी बोलणं घ्यावं, घरच्यांकडे बघून बोलावं, दहा मिनिटांत थांबावं. मयताची खोटी स्तुती नको, सगळ्या गल्लीला खरं माहीत असतं!

लग्नात निम्मे पाहुणे हिंदू, त्यात जेवणाची घाई. १ करिंथ १३ हा बायबलातला प्रीतीवरचा अध्याय गुळगुळीत झालाय, तरी नवरा-नवरीला उद्देशून एकच ओळ उलगडली तर चालतो. नाताळात मरियेचा पती योसेफ याच्यासारखं एकच पात्र धरावं.

नवख्याला खरी संधी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला). येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) उपदेशासाठी सात जणांत वाटतात. त्यातला 'मला तहान लागली आहे' मागून घ्या.

एकाच पाळकाजवळ शिकलात तर त्यांचा सूर आणि चुकाही उचलाल. तरी मी आधी हीच वाट धरेन. पूर्णवेळ सेवेत जायचं ठरलं की मग पुणे.