नववी इनिंग कुणाला द्यायची? डॉजर्सचा २०२५ चा बुलपेन बघून ठरवा

बेसबॉलमध्ये क्लोजर, म्हणजे शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये लीड टिकवायला येणारा पिचर, मार खायला लागला की फॅन लोकांचं एकच सुरू होतं, काढा याला. अरे पण आणायचं कुणाला? २०२५ च्या डॉजर्सनी (लॉस एंजेलिसची टीम) जवळपास सगळेच पर्याय एका सीझनमध्ये वापरून बघितले, म्हणून तुलना त्यांच्या बुलपेनवरच, म्हणजे बदली पिचरांच्या ताफ्यावरच, करतो.

पहिला पर्याय, आहे त्यालाच चालू ठेवायचं. टॅनर स्कॉटला चार वर्षांचे ७.२ कोटी डॉलर दिले कारण २०२४ मध्ये त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन, कमी तितका चांगला) १.७५ होता, आणि २०२५ मध्ये तोच ४.७४, वर १० सेव्ह, म्हणजे हातातली लीड टिकवायच्या संधी, घालवले. गंमत म्हणजे वॉक (चार बॉल स्ट्राइक झोनबाहेर गेले की बॅटरला फुकट बेस) उलट कमी झाले होते! बॉल झोनमध्ये जास्त पडायला लागले आणि तिथेच घात झाला, आदल्या वर्षी ३ होमरन खाल्लेले, २०२५ मध्ये ११. असा माणूस मोडीत काढायचा नसतो, पण एका रनच्या लीडवर नववी पण द्यायची नसते. सहावी-सातवी द्या, समोर लेफ्टी बघून द्या.

दुसरा, जुना भरवशाचा. म्हणजे ब्लेक ट्रायनेन. ६ सप्टेंबरची बाल्टिमोरची मॅच ज्यांनी बघितली त्यांना काही सांगायला नको. डॉजर्सच्या यामामोटोचा नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण मॅच) एका आऊटवर आलेला, बाल्टिमोरच्या हॉलिडेने होमरन मारली, ठीक आहे, तरी ३-१ लीड होती, मग ट्रायनेन आला आणि त्याने डबल (दोन बेसचा हिट) दिला, एकाच्या अंगावर बॉल घातला, दोन वॉक दिले, दुसऱ्यावर तर बेस भरलेले म्हणून रन फुकट, मग स्कॉट आला आणि रिव्हेराने सिंगल मारून ४-३ केलं, खेळ खल्लास. शेवटचा एक आऊट दोघांना मिळून काढता आला नाही. बरं, आदल्याच रात्री स्कॉट बसायोच्या होमरनवर हरलेला. जुन्या नावावर नववी द्यायची हा पर्याय माझ्या यादीत सगळ्यात खाली.

तिसरा, स्टार्टरला, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पिचरला, मागे आणायचं. खांदा दुखावल्यामुळे चार महिने बाहेर असलेला रोकी सासाकी सप्टेंबरच्या शेवटी बुलपेनमधून परत आला. इनिंग वाचवून ठेवायची गरज नाही म्हटल्यावर फास्टबॉल आणि स्प्लिटर (शेवटी खाली पडणारा बॉल), दोनच हत्यारं पुरली. ९ ऑक्टोबरला फिलीजविरुद्ध आठवी, नववी, दहावी, नऊ बॅटर आले आणि नऊच्या नऊ गेले. पण हा ऑक्टोबरचा, म्हणजे प्लेऑफचा, जुगाड आहे, मध्ये सुट्ट्या मिळतात म्हणून चालतो. १६२ मॅचच्या सीझनमध्ये चांगला स्टार्टर असा खर्च करणं म्हणजे टी-२० मध्ये बुमराहला फक्त विसावी ओव्हर देण्यासारखं आहे.

चौथा, सरळ विकत घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये क्लोजर एडविन डियाझ, तीन वर्षं, ६.९ कोटी. महाग आहेच, आणि स्कॉट पण असाच विकत घेतलेला हे विसरू नका.

माझं मत विचाराल तर पैसे असतील तर चौथा, ऑक्टोबर तोंडावर असेल तर तिसरा, आणि दोन्हीत पहिल्याला लहान काम देऊन टीममध्ये ठेवा. कारण हाच डियाझ २०१९ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे ५.५९ ईआरए घेऊन बसलेला, तेव्हा पण लोक काढा काढा करत होते, आणि २०२२ मध्ये तोच १.३१ वर आला.