सॅम्पल अंगावर बसले, पॅटर्न मात्र जुनाच

सुती कुर्त्यांची छोटी मालिका बाजारात आणण्यासाठी आम्ही एका स्वतंत्रपणे काम करणाऱ्या पॅटर्न मास्टरला, म्हणजे कापड ज्यावरून कापतात ते कागदी साचे (पॅटर्न) काढणाऱ्या कारागिराला, काम दिले होते. छाती ३८ इंचांचा मूळ पॅटर्न काढणे, ट्रायलमध्ये निघालेल्या दुरुस्त्या त्यात उतरवणे आणि शेवटी ४४ पर्यंत ग्रेडिंग करून देणे, म्हणजे त्याच पॅटर्नवरून मोठ्या मापांचे पॅटर्न काढणे, अशा तीन टप्प्यांचे पैसे त्याने वेगवेगळे लावले आणि तिन्हींचे घेतले. पॅटर्नवर काम मात्र पहिल्याच टप्प्याचे झाले होते.

खांदा उतरतो, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) काचतो असे सांगितले की पुढचे सॅम्पल नेमके बसत असे, त्यामुळे संशयाला जागाच उरत नव्हती. प्रत्यक्षात तो दुरुस्ती कापडावरच करत होता: खांद्याची शिलाई आत दाबायची, मुंढा कात्रीने थोडा उतरवायचा, आणि कागदावरची रेष होती तशीच ठेवायची. हात कसबी असल्याशिवाय हे साधत नाही, हे मान्य करावे लागेल.

इचलकरंजीहून आलेले कापड थर लावून कापले गेले आणि शिलाई युनिटमधून पहिले कुर्ते आले, तेव्हा मुंढा पहिल्या ट्रायलइतकाच काचत होता. युनिटच्या कटिंग मास्तरांनी पास झालेले सॅम्पल उसवले, तुकड्यांना इस्त्री केली आणि एकेक तुकडा पॅटर्नवर ठेवून दाखवला. पुढचा भाग, पाठ, बाही, काहीच जुळले नाही. कागद पहिल्या ट्रायलचाच होता, त्यावर तारीख तेवढी नवी घातली होती.

ग्रेडिंगची तऱ्हा तर याहून वाईट होती. छाती जितकी वाढते तितक्या प्रमाणात गळा, खांदा आणि बाही वाढत नाहीत, म्हणून प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे सरकवावा लागतो. त्याने मात्र संगणकावर सगळे तुकडे सरसकट मोठे केले होते. ३८ वरून ४४ म्हणजे जवळजवळ १६ टक्के वाढ, आणि त्याच हिशेबाने २२ इंचांची बाही साडेपंचवीस इंचांची झाली, तर १४ इंचांचा खांदा सव्वासोळा इंचांच्या घरात गेला.

जाब विचारल्यावर “मॅडम, सॅम्पल तुम्हीच पास केलं होतं” एवढेच उत्तर मिळाले, आणि पुढे संगणकावरच्या फाइल स्वतःच्या मालकीच्या असल्याचे सांगून त्यांचे वेगळे पैसे मागण्यात आले.

म्हणून नव्याने काम देणाऱ्यांनी मास्टरने स्वतः शिवलेल्या सॅम्पलवर पॅटर्न पास करू नये. तोच पॅटर्न सॅम्पल न पाहिलेल्या दुसऱ्या शिंप्याकडे द्यावा, मांजरपाटावर एक कुर्ता शिवून घ्यावा आणि प्रत्येक टप्प्याची शेवटची रक्कम तो अंगावर बसल्यावरच द्यावी. टेप असला तर घरीही बरेच कळते: शिलाईची माया (शिलाईबाहेर सोडलेले जादा कापड) वगळून पुढच्या आणि मागच्या भागाची बाजूची शिलाई सारखी भरते का, बाहीचा माथा, म्हणजे मुंढ्याला जोडली जाणारी तिची वरची गोलाई, मुंढ्याच्या घेरापेक्षा किंचितच जास्त आहे का, हे मोजावे, प्रत्येक तुकड्यावर कापडाच्या उभ्या धाग्याची रेष, जुळणीच्या खाचा, आकार आणि किती तुकडे कापायचे हे लिहिलेले असावे. ग्रेडिंग तपासताना सर्व आकारांचे तुकडे एकावर एक ठेवून पाहावेत, कारण सरसकट केलेली वाढ गळ्यापाशी लगेच दिसते. दुरुस्तीनंतर जुना कागदही मागून घ्यावा. दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर रेष हलली की नाही हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

मालकीचा प्रश्न आधीच कागदावर मिटवावा. पगारी नोकर नसलेल्या कारागिराने काढलेल्या रेखाटनाचा पहिला हक्क सामान्यतः त्याचाच असतो, आणि १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार तो हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. कागदी पॅटर्न, संगणकावरच्या फाइल आणि त्या इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडतील असे डीएक्सएफ रूप, या तिन्हींचा उल्लेख करारात असावा, आणि हे सर्व हाती येईपर्यंत ग्रेडिंगचे पैसे थांबवून ठेवावेत.