लोकल मास्टर स्विच, सात महिने : एका ताऱ्यावरून साडेतीनवर

गाडीच्या सगळ्या काचा ड्रायव्हरला खालीवर करता येतात त्या या मास्टर स्विचला दसऱ्याला मी एक तारा देऊन 'पैसे पाण्यात' असं लिहिलं होतं. ते मागे घेतोय. त्यातल्या हिरव्या दिव्याबद्दलचं सोडून.

गाडी २०१०ची हॅचबॅक. गणपतीला गावी जाताना आंबा घाटात डावी पुढची काच खाली गेली, ती वर येईचना. माझ्या बटणाने नाही, त्या दाराच्या बटणानेही नाही. बाकी काचा चालू, म्हणजे फ्यूज शाबूत. सौ. साखरप्यापर्यंत छत्री आडवी धरून बसली. तिथे चहाला थांबलो, तिने उतरायला दार उघडलं, मी सहज बटण दाबलं आणि काच सुर्रकन वर! उत्तर तिथेच मिळालं होतं. मला ते कळायला दोन महिने आणि ८५० रुपये लागले.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, मोटर गेली, रेग्युलेटरसकट (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) ६,४०० आणि मजुरी वेगळी. सारखं खालीवर केलं की मोटर तापून थोडा वेळ बंद पडते हे मान्य, पण मी काच दिवसातून एकदा उघडणारा माणूस. माझा संशय मास्टर स्विचवर, कारण या गाडीत डाव्या दाराच्या बटणाचा करंटही ड्रायव्हरच्या स्विचमधूनच फिरून जातो. त्यातला एक कॉन्टॅक्ट काळा पडला की दोन्ही बटणं मुकी. म्हणून नाना पेठेतून हा लोकल स्विच आणला. कंपनीचा तिप्पट महाग होता.

बसवला आणि काच चालली. तीन आठवडे. मग पुन्हा तेच, आणि वर तो हिरवा दिवा! अख्ख्या डॅशबोर्डचा उजेड केशरी आणि कोपऱ्यात हा एकटा पोपटासारखा. रात्री डोळा तिकडेच जातो.

नोव्हेंबरात ओळखीच्या वायरमनने सांगितलं, बटण दाबून धर आणि डावं दार हळूहळू उघड. अर्ध्यावर आलं की काच हलायची, पूर्ण उघडलं की थांबायची. दार आणि खांबामधला रबरी बूट मागे सारला. वायरीचं वरचं आवरण धडधाकट, आतलं तांबं मात्र तुटलेलं. पंधरा वर्षं दार उघडमिट करून जीव गेलेला. दोनच तंतू टिकले होते, आणि त्यांनीच मला फसवलं. मल्टिमीटर लावला तर १२.४ व्होल्ट, एकदम निरोगी. मीटरला करंट लागतोच किती! मोटरला मात्र भरपूर लागतो. म्हणून जास्त करंट ओढणारा जुना २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडला, तेव्हा तो मिणमिणला. नवीन स्विच बसवून पाहताना डावं दार उघडमिट झालं आणि त्यात वायर हलली असणार, म्हणून ते तीन आठवडे मिळाले.

बॅटरीची निगेटिव्ह काढून लवचीक वायरीचा तुकडा टाकला, सोल्डर केलं, श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवली. जोड मुद्दाम बुटाबाहेर, वाकतो त्या जागी जोड टिकत नाही. काचेच्या खाचेतल्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारला. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. एकूण खर्च २६० रुपये, त्यातले ४० वडापावचे.

मग जिज्ञासा म्हणून जुना स्विच परत लावून पाहिला. ठणठणीत! म्हणजे नव्याची गरजच नव्हती. तरी नवाच ठेवलाय, ८५० दिलेत म्हणून. बटणं अजून घट्ट आहेत, एका दाबात काच पूर्ण खाली जाणं चालू आहे, पावसात भिजूनही कुरकुर नाही. दिव्यावर सौ.ची केशरी नेलपॉलिश लावली, आता तो शेवाळी दिसतो. त्याचा अर्धा तारा कापलाय आणि तो परत मिळणार नाही.

परवा उजव्या मागच्या दाराची काच अर्ध्यावर थांबली होती. घरात अजून बोललो नाही.