अंगकोरच्या पलीकडचा ग्रंथ : मुओ यांच्या १८६४च्या प्रवासवर्णनाचा अनुभव

आंरी मुओ या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने सयाम (आजचा थायलंड), कंबोडिया आणि लाओसमध्ये केलेल्या प्रवासाचा दोन खंडांचा सचित्र ग्रंथ लंडनच्या जॉन मरे यांनी १८६४ साली प्रसिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती मी पावसाळ्याआधी विकत घेतली आणि तेव्हापासून सवडीने, पण खंड न पडू देता, वाचत आहे.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात हा ग्रंथ कंबोडियातील अंगकोर या प्राचीन मंदिरनगरीच्या ‘शोधा’च्या नावावर विकला जातो, मात्र निव्वळ त्यासाठी एवढी रक्कम मोजू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मुओ १८६०च्या जानेवारीत तिथे पोहोचले, परंतु त्यापूर्वी बुइव्हो हे मिशनरी ते अवशेष पाहून गेले होते आणि स्थानिकांना तर त्यांचा कधीच विसर पडला नव्हता. शिवाय मुओ यांनी या वास्तूंचे वय फार प्राचीन मानले. अंगकोर वाट हे मंदिर दुसरा सूर्यवर्मा या राजाच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे, हे पुढील संशोधनाने ठरले. तेव्हा इतिहासासाठी या पुस्तकावर विसंबू नये.

त्याचे खरे वैभव चित्रांत आहे. ही लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे असून, अनेकांखाली चित्रकाराच्या नावाबरोबर ‘मुओ यांच्या रेखाटनावरून’ अशी नोंद आढळते. म्हणजे प्रवाशाने जागेवर केलेले कच्चे रेखाटन, त्यावरून व्यावसायिक फ्रेंच चित्रकाराने काढलेले चित्र आणि शेवटी कोरणाऱ्याचे हत्यार, अशा तीन हातांतून ती आपल्यापर्यंत येतात. भिंग धरून पाहिले की पांढरे, निरभ्र वाटणारे आकाशही बारीक समांतर रेघांचे असल्याचे दिसते आणि सावली गडद होत जाते तसतशा त्या रेघा जवळ येतात. स्कॅन केलेल्या प्रतीत या रेघा एकमेकींत मिसळून नुसता करडा पट्टा उरतो, म्हणून मूळ प्रत हाती घेण्याला तोड नाही.

मला सर्वाधिक भिडला तो लाओसचा भाग. लुआंग प्राबांगजवळ १८६१च्या ऑक्टोबरात मुओ यांना ताप आला, २९ तारखेनंतर रोजनिशी थांबते आणि १० नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या विश्वासू सेवकांनी कागदपत्रे आणि कीटकांचा संग्रह बँकॉकपर्यंत पोहोचवला, म्हणूनच हे पुस्तक होऊ शकले. भाऊ शार्ल यांनी टिपणे लावून दिली. परिशिष्टात नव्या प्रजातींची वर्णने आणि कंबोडियन शब्दसंग्रहही आहे. कीटकशास्त्राची आवड असलेल्याने तो भाग चुकवू नये.

माझ्या प्रतीबाबत एक तक्रार नोंदवतो. पहिल्या खंडाचा पुठ्ठा कण्यापासून सुटू लागला होता आणि विक्रेत्याने दिलेल्या वर्णनात त्याचा उल्लेखही नव्हता. खंड पूर्ण सपाट उघडला तर शिवणीवर ताण येतो, त्यामुळे मी दोन्ही बाजूंना उशांचा आधार देऊन तो अर्धवटच उघडतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवूनही कडांवरचे तपकिरी डाग थोडे वाढले. बंद कपाटापेक्षा हवा खेळती असलेला फडताळाचा कप्पा अधिक उपयोगी ठरला.

घेणाऱ्याने आधी दोन्ही खंड एकाच आवृत्तीचे आहेत ना, चित्रांच्या यादीतील प्रत्येक पान जागेवर आहे ना आणि घडीचा नकाशा घडीवर फाटलेला नाही ना, याची छायाचित्रे मागवून खात्री करावी. सुटी चित्रे चौकटीत लावण्यासाठी विकली जातात, म्हणून पाने हरवलेल्या प्रती बाजारात येतात.