दुसरीत गेल्यावर पहिल्यांदा वर्गात: तापीकाठच्या दोन शाळांबद्दल एका पालकाचा अभिप्राय

माझ्या मुलाचे नाव जून २०२० मध्ये गावातील जिल्हा परिषद शाळेच्या पहिलीच्या पटावर चढले आणि वर्गात तो प्रथम बसला तो १ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे दुसरीचे निम्मे वर्ष उलटून गेल्यावर. मधल्या दीड वर्षात त्याची शाळा घरातील एकमेव स्मार्टफोनमध्ये होती आणि तो फोन दिवसभर त्याच्या वडिलांच्या खिशात, केळीच्या बागेत असे. मुलगी त्या वर्षी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत नववीत होती. एकाच घरातील दोन मुले एकाच हंगामात दोन वेगळ्या शाळांत परतल्यामुळे, करोनानंतर शाळा पुन्हा भरवण्याचे काम कोणी कसे केले, हे मला जवळून पाहता आले. जून २०२२ मध्ये मुलांची नावे घालणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. आमचे गाव जळगाव जिल्ह्याच्या चोपडा-यावल पट्ट्यातील आहे. शाळांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. मी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, हेही आधीच सांगितलेले बरे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि त्या नात्याने शाळेच्या बैठकांना मी हजर होते.

आधी थोडा क्रम सांगते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग उघडण्याची परवानगी मिळाली. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिची शाळा महिनाभरही नीट भरली नसेल, तोच दुसरी लाट आली. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये करोनामुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी व शहरी भागात आठवी ते बारावी, आणि सर्वांत शेवटी १ डिसेंबरपासून ग्रामीण भागातील पहिली ते चौथी, असे टप्पे पडत गेले. म्हणजे ज्यांना अक्षरओळखच व्हायची होती, ती सर्वांत लहान मुले सर्वांत उशिरा वर्गात आली. ज्या मुलांचे पाचवी-सहावीपर्यंत वाचन पक्के झाले होते त्यांचे नुकसान वेगळे आणि ज्यांनी फळाच पाहिला नव्हता त्यांचे वेगळे, हे शाळेला कळते की नाही, हीच माझ्या मते खरी कसोटी होती.

गावच्या शाळेची पहिली अडचण शिक्षणाची नव्हतीच. २०२० च्या उन्हाळ्यात सुरत आणि पुण्याहून परतलेल्या माणसांच्या विलगीकरणासाठी शाळेच्या दोन खोल्या वापरल्या गेल्या होत्या आणि गावातील म्हाताऱ्या बायकांच्या मनातून ती गोष्ट गेलेली नव्हती. ‘त्या खोलीत’ नातवाला बसवायला त्या तयार नव्हत्या आणि आमच्याकडे लहान मुलांच्या बाबतीत आजीचा शब्द आईबापांच्या शब्दापेक्षा जड असतो. मुख्याध्यापकांनी याला उत्तर म्हणून परिपत्रक वाचून दाखवले नाही. ग्रामपंचायतीकडून निर्जंतुकीकरण करून घेतले, शाळा व्यवस्थापन समितीला सोबत घेऊन भिंतींना चुना मारून घेतला आणि शाळा भरण्याच्या तीन दिवस आधी घरोघरी निरोप पाठवून आज्यांनाच खोल्या पाहायला बोलावले. पंधरा-सोळा जणी आल्या, खिडक्या उघडतात का ते पाहिले, एकीने कोपऱ्यातले जाळे काढायला लावले. दुसऱ्या दिवसापासून संमतीपत्रे यायला लागली. नियमानुसार पालकाची लेखी संमती आवश्यक होती आणि हजेरीची सक्ती नव्हती, त्यामुळे या एका सकाळीने जे साधले ते कोणत्याही आदेशाने साधले नसते.

वर्ग भरले तेव्हा एका बाकावर एक मूल, बाकांमध्ये अंतर, दारात तापमान मोजणे, हे सगळे नीट पार पडले; त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लिहिण्यासारखे आहे ते त्यानंतरचे.

वर्गशिक्षिका मॅडमनी पहिले पंधरा दिवस दुसरीचे पुस्तक उघडलेच नाही. राज्य शासनाने जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला होता, परंतु तो दुसरीच्या मुलांनी पहिलीत जे शिकलेले असावे त्यावर आधारलेला होता, आणि आमच्या मुलांचा पहिलीचा वर्ग झालाच नव्हता. तेव्हा मॅडमनी प्रत्येक मुलाला एकेकटे टेबलाजवळ बोलावले आणि त्याला काय येते ते पाहिले: पेन्सिल धरता येते का, स्वतःचे नाव ओळखता येते का, दहा चिंचोके मोजता येतात का. त्यातून तीन गट केले आणि तिन्ही गटांना वेगवेगळे काम दिले. माझा मुलगा सर्वांत खालच्या गटात होता. हे मला कळले तेव्हा वाईट वाटले, कारण घरी रोज सायंकाळी मी त्याला बाराखडी म्हणायला लावत असे आणि तो ती धडाधड म्हणत असे. मॅडमनी मला वर्गाच्या दाराशी उभे करून फळ्यावर ‘म’ काढला आणि त्याला विचारले. तो ‘क’ पासून मोजत मोजत ‘म’ पर्यंत आला आणि मग त्याने उत्तर दिले. त्याला बाराखडी पाठ होती. अक्षरे येत नव्हती. दीड वर्ष मी ज्याला अभ्यास समजत होते ते गाणे होते, हे त्या दिवशी मला समजले आणि हे समजावून सांगताना त्यांच्या बोलण्यात मला कमी लेखणारा एकही शब्द नव्हता, याची मी इथे मुद्दाम नोंद करते.

दुसरी गोष्ट ‘ळ’ची. आमच्या घरात, आणि वर्गातील बहुतेक मुलांच्या घरात, अहिराणी बोलली जाते. अहिराणीत डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया, शाळेला शाया. मूल पहिलीत आले की शिक्षकाच्या तोंडाकडे पाहून, जीभ कुठे लागते ते पाहून, त्याला पुस्तकातला ‘ळ’ सापडतो; आमच्या पिढीला तो तसाच सापडला. या मुलांसमोर मात्र मुखपट्टी लावलेल्या मॅडम होत्या आणि त्यांचे तोंड कुणाला दिसतच नव्हते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी शाळेत गेले, तेव्हा मॅडम मुलांना मैदानातल्या निंबाखाली घेऊन गेल्या होत्या. मुले चुन्याच्या वर्तुळांत बसलेली होती. मॅडम त्यांच्यापासून चांगल्या आठ-दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभ्या राहिल्या, मुखपट्टी हनुवटीखाली घेतली, तोंड उघडून जिभेचे टोक टाळूकडे वळवून दाखवले आणि ‘शाळा’ म्हटले. मग मुखपट्टी वर. मग मुलांनी आपापल्या मुखपट्टीच्या आत तसे करून पाहायचे आणि म्हणायचे. वीस मिनिटे हेच चालले. ‘शाया’ म्हणणाऱ्याला त्या चूक म्हणाल्या नाहीत. “घरी शाया, पुस्तकात शाळा,” एवढेच त्यांनी सांगितले. नियमाच्या शब्दाला जपून आणि मुलाची गरज ओळखून केलेले असे काम कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेले नसते. या शाळेला मी वरचे गुण देते ते मुख्यतः या वीस मिनिटांसाठी.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. हात धुण्यासाठी सहा नळांची ओळ नव्याने बसवली, पण टाकीत पाणी चढवणारी मोटर जानेवारीत जळाली आणि सत्र संपेपर्यंत ती दुरुस्त झाली नाही; मुले घरून आणलेल्या बाटलीतले पाणी पिण्यासाठी ठेवायचे की हातावर घ्यायचे या पेचात असत. मुलींच्या स्वच्छतागृहालाही तेच पाणी जाते, त्यामुळे चौथीतल्या दोन-तीन मुली दुपारी घरी निघून जात. या प्रश्नावर मी तीन बैठकांत बोलले आणि तिन्ही वेळा तो इतिवृत्तात लिहिला गेला, इतकेच झाले. शिजवलेला पोषण आहार बंद होता, त्याऐवजी तांदूळ व कडधान्य घरी वाटले जाई. ते योग्यच होते, पण डिसेंबर-जानेवारीत कापूस वेचणीमुळे ज्यांच्या घरी सकाळी सातनंतर कुणीच नसते त्या मुलांच्या डब्यात काही नसे, याकडे शाळेचे लक्ष उशिरा गेले. त्याच हंगामात सात-आठ मुले आईबरोबर शेतात जाऊ लागली होती. एकदा शाळेतून सुटलेले मूल परत आणणे किती अवघड आहे हे तेव्हा दिसले. दोघे जण होळीपर्यंत आले नाहीत.

आता माध्यमिक शाळेविषयी. ती इमारतीने मोठी, निकालाने नावाजलेली, आणि पुन्हा भरली तीही आमच्या गावच्या शाळेच्या दोन महिने आधी. पण तिथे परतीचा अर्थ कुलूप काढणे इतकाच घेतला गेला. पहिल्या दिवशी नववीच्या बीजगणिताचा जो पाठ ठरला होता तो शिकवायला सुरुवात झाली. शासनाने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता, म्हणजे उसंत मिळाली होती. ती उसंत मागचे भरून काढण्यासाठी वापरता आली असती. मुलगी आठवीचे अवयव पाडणे मोबाईलवर, तेही नेटवर्क असेल तेव्हा, शिकली होती. तिने पहिल्याच आठवड्यात हात वर करून मागचे विचारले, तेव्हा “ते मागच्या वर्षी झाले आहे” असे उत्तर मिळाले. झाले होते, हे खरे आहे. कुणाला आले होते का, हे विचारले गेले नाही. तिने त्यानंतर हात वर केला नाही, आणि ही गोष्ट मला तिच्या घटक चाचणीच्या गुणांवरून कळली, शाळेकडून नव्हे.

त्यात नोव्हेंबरमध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत चालला. संपाचा दोष शाळेवर टाकता येत नाही. पण खेड्यांतून येणाऱ्या मुली एसटीच्या मोफत पासावर शाळा शिकतात, हे शाळेला माहीत असते. गाड्या बंद झाल्यावर आमच्या गावाच्या मुली काळीपिवळीने जाऊ लागल्या. जाऊन-येऊन चाळीस रुपये पडत आणि गाडी भरल्याशिवाय निघत नसे, मग आत अंतर कसले आणि मुखपट्टी कसली. आम्ही पाच-सहा पालकांनी शाळेला विनंती केली की खेड्यांतील मुलांसाठी पहिला तास अर्धा तास पुढे घ्यावा, किंवा निदान उशिरा आलेल्यांना वर्गाबाहेर उभे करू नये. दुसरी विनंती मान्य झाली, तीही फेब्रुवारीत. तोवर आमच्या गावातून जाणाऱ्या अकरा मुलींपैकी चौघी घरी बसल्या होत्या. त्यांतील एकीचे एप्रिलमध्ये लग्न ठरले. तिच्या घरच्यांनी शाळा सुटल्याचे कारण दिले की लग्न ठरत होते म्हणून शाळा सुटू दिली, हे मला ठामपणे सांगता येणार नाही, पण रोज एसटी येत असती तर हा प्रश्न निदान वर्षभर तरी घरात निघाला नसता, एवढे मी गावात राहून सांगू शकते.

जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा दोन्ही शाळांतील फरक सर्वांत स्पष्ट दिसला. १० जानेवारी २०२२ पासून शाळा बंद असल्याचा संदेश माध्यमिक शाळेच्या गटावर आदल्या रात्री साडेदहाला आला. ज्यांनी तो पाहिला नाही अशा मुली सोमवारी सकाळी थंडीत काळीपिवळीचे भाडे भरून गेल्या आणि बंद फाटकावरून परत आल्या. ३ जानेवारीपासून पंधरा वर्षांवरील मुलांचे लसीकरण सुरू झाले होते आणि माझ्या मुलीला नुकताच पहिला डोस मिळाला होता. आता शाळा बंद होणार नाही अशी तिची समजूत होती, त्यामुळे ती जास्तच हिरमुसली. गावच्या शाळेत मात्र मॅडम आणि एक गुरुजी सोमवारी नेहमीच्या वेळी गावात आले, गल्लीगल्लीत फिरले आणि प्रत्येक गल्लीतला एक मोठा ओटा ठरवून पाच-पाच मुलांना तिथे बसवून गेले. एका ओट्यावर पाऊण तास, मग पुढचा ओटा. आमच्या ओट्यावर सासूबाई तांदूळ निवडत बसत आणि मुलगा शब्द वाचताना अडला की त्याही पुस्तकात डोकावत. २४ जानेवारीपासून शाळा उघडण्याची मुभा मिळाली आणि त्यानंतर वर्ग पुन्हा भरले, तेव्हा या मुलांचे फारसे काही सुटलेले नव्हते.

मार्चअखेरीस शासनाने पहिली ते नववीचे वर्ग एप्रिल संपेपर्यंत पूर्ण क्षमतेने चालवण्यास सांगितले. हेतू चांगला होता, पण खान्देशातील एप्रिल माहीत असलेल्या माणसाला पत्र्याच्या खोलीत दुपारी मुले बसवता येत नाहीत. गावच्या शाळेने सकाळचे सत्र ठेवले आणि साडेदहानंतर मुलांना निंबाखाली हलवले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझा मुलगा रेशन दुकानावरची पाटी न मोजता, न गाता वाचू लागला होता; ‘साखर’ वाचली, ‘तांदूळ’ वाचताना ‘ळ’पाशी थांबला, जीभ वळवली आणि पुढे गेला.

पाचपैकी गुण द्यायचे तर गावच्या शाळेला मी चार देते आणि पाचवा मोटर दुरुस्त होईपर्यंत राखून ठेवते. माध्यमिक शाळेला दोन देते. माझी मुलगी जून २०२२ मध्ये तिथेच दहावीत जाणार आहे, कारण जवळपास दुसरी शाळा नाही, आणि म्हणूनच आम्ही पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला आहे: दहावीचा पहिला पाठ सुरू करण्यापूर्वी आठवी-नववीच्या गणिताची एक साधी चाचणी घ्यावी, ज्यांना जे येत नाही ते शिकवण्यासाठी जूनचे पहिले पंधरा दिवस द्यावेत, आणि सुट्टीचा संदेश मोबाईलबरोबरच प्रत्येक गावातील एका पालकाला फोन करून कळवावा. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.