जुंटा स्पर्धा, राजारामपुरी, कोल्हापूर: खेळ नादखुळा, नियोजन कच्चं

प्रवेश फी ३०० रुपये, त्यात मिसळ आणि दोन वेळचा चहा. नुसत्या मिसळीवर बोलायचं तर पैसे वसूल. कट मागाल तेवढा मिळत होता, स्लाइसही कुणी मोजत नव्हतं. पण त्या हॉलमध्ये आम्ही जमलो होतो ते वेगळंच काही खायला.

आधी खेळाबद्दल. जुंटा हा पटावरचा खेळ, अमेरिकेत १९७८ साली निघाला. लॅटिन अमेरिकेतला एक काल्पनिक ‘बनाना रिपब्लिक’, म्हणजे भ्रष्ट सत्तेचा देश, आणि प्रत्येक खेळाडू तिथल्या एका बड्या खानदानाचा कर्ता. एकजण राष्ट्राध्यक्ष होतो; बाकीचे सेनापती, नौदलप्रमुख, हवाईदलप्रमुख, अंतर्गत सुरक्षामंत्री. दर फेरीला परदेशातून मदतीचे पैसे येतात. नोटा एक, दोन आणि तीन दशलक्षांच्या. किती आले ते फक्त राष्ट्राध्यक्ष बघतो आणि कुणाला किती ते अंदाजपत्रकात मांडतो. मंजूर झालं तर ठीक, फेटाळलं तर बँक बंद आणि सैन्याला उठावाचं निमित्त. जिंकतो तो, ज्याच्या स्विस खात्यात शेवटी जास्त रक्कम. हातातल्या पैशाला काडीची किंमत नाही.

मी निवृत्त ग्रामसेवक. करवीर तालुक्यात सरपंचावरचे अविश्वास ठराव कसे येतात आणि ठरावाआधी सदस्य अचानक ‘सहलीला’ कसे जातात, हे जवळून बघितलेला माणूस. त्यामुळे पुतण्याने नाव घातलं तेव्हा वाटलं, आपल्याला यात नवं काय कळणार? अंदाजपत्रकाची पहिली फेरी बघितली आणि खुर्ची पुढे ओढली.

आमच्या टेबलावर राष्ट्राध्यक्ष झाली ती अकरावीतली पोरगी. नोटा उचलल्या, पत्त्यांसारख्या छातीशी धरल्या आणि तोंड पाडून म्हणाली, “काका, खरं सांगतो, सगळ्या एक-एकच्याच आल्यात ओ.” मला एक, नौदलाला एक, सुरक्षामंत्र्याला दोन. आम्ही बिचारे तिची समजूत काढत मंजुरी देऊन बसलो. चहाच्या वेळी कळलं, तीनच्या दोन नोटा तिने स्वतःकडे ठेवल्या होत्या. इतक्या सहज खोटं बोलणारा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही, आणि त्यात दोन उपसभापती धरतोय मी.

खरी मजा पुढे. प्रत्येकाने आपण कुठे आहोत ते गुपचूप ठरवायचं: घर, मुख्यालय, नाइट क्लब, मैत्रिणीचं घर किंवा बँक. मग मारेकरी सुटतात. तुमचा ठिकाणा बरोबर ओळखला तर तुम्ही गेलात आणि हातातली रोकडही गेली. पण खेळ संपत नाही, पुढच्या फेरीत त्याच खानदानातला दुसरा वारस उभा. म्हणजे पैसे आले की बँक गाठायची, आणि सगळ्यांना हे माहीत असल्यामुळे बँकेच्या दारातच मरायची भीती. मी एकदा रोकड घेऊन मुद्दाम मैत्रिणीकडे राहिलो. बायको शेजारच्याच टेबलावर होती, ती नुसती हसली.

आपल्या पिढीने घरोघरी ‘व्यापार’ खेळलाय. त्या जातीच्या खेळांचं मूळ लिझी मॅगी या बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये. जमीनमालक कसे लुबाडतात हे लोकांना दिसावं म्हणून केलेला खेळ, आणि आपण त्यात एकमेकांना दिवाळखोर करून टाळ्या पिटत राहिलो. जुंटात असं साळसूदपणे लुबाडायची सोय नाही. टेबलावरचा प्रत्येकजण चोर, हे पहिल्या मिनिटाला जाहीर.

आता स्पर्धेबद्दल, कारण माझी तक्रार तिथेच आहे. खेळ संपायचा तो नोटांची गड्डी संपल्यावर. आयोजकांनी दोन तासांची घंटा लावली. एका टेबलावर उठावच इतका रंगला की अर्धी गड्डी शिल्लक. दुसऱ्या टेबलावर भराभर मंजुऱ्या देऊन गड्डी साफ. आणि अंतिम फेरीत कोण जाणार ते ठरवलं स्विस खात्यातल्या रकमेवर! म्हणजे जिथे जोरात भांडण झालं, जिथे खेळ खरा खेळला गेला, तिथले सगळे बाहेर. रक्कम कशाला मोजायची? टेबलावर पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक घ्यायचे आणि त्याचे गुण द्यायचे. एवढं तर गल्लीतल्या कॅरमवाल्यांना कळतं.

दुसरं, एकाच तालमीची, म्हणजे एकाच पेठेतल्या मंडळाची, चार पोरं एका टेबलावर बसवली. तिथे पाचव्याचं काय होणार? शाहू स्टेडियमवर तालमी-तालमींचा फुटबॉल बघितलेल्या माणसाला सांगायला नको. चौघांचं येतानाच ठरलेलं होतं. चिठ्ठ्या टाकून बसवायला पाच मिनिटंही लागली नसती. मी पंचांना तसं म्हणालो तर, “काका, युती करणं नियमातच आहे.” आहे की! पण युती टेबलावर व्हावी, घरून बांधून आणू नये.

पंच पोरगा तसा गुणी. उठावातल्या सैन्याच्या हालचाली न चिडता परत परत समजावत होता. नियमांचा मराठी कागदही चांगला केला होता, फक्त अक्षर इतकं बारीक की चष्म्यावर चष्मा लावावा.

बाद झालेल्यांसाठी कोपऱ्यात ‘क्रेमलिन’ मांडला होता. स्वित्झर्लंडच्या उर्स होस्टेटलर यांचा, १९८६ चा. सोव्हिएत पक्षाचे म्हातारे नेते आजारी पडतात, एकमेकांना सायबेरियाला धाडतात, आणि ऑक्टोबरच्या संचलनात ज्याचा पक्षप्रमुख तीनदा हात हलवू शकला तो जिंकला. आमचा म्हातारा दोनदा हलवून गेला. हा खेळ मला जुंटापेक्षा काकणभर जास्त आवडला, कदाचित वयामुळे असेल.

पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे म्हणतात. बसण्याची पद्धत बदलली तर मी नक्की जाईन, नाही बदलली तर नुसता मिसळीला. दहा-बारा वर्षांच्या पोरांना नेऊ नका. इतका वेळ बसवत नाही आणि मैत्रिणीच्या घराबद्दल प्रश्न विचारतात. गाडी लावायला खाली जागा नाही, मागच्या गल्लीत लावा.