बीटा एचसीजी पुन्हा पुन्हा करावी लागते तेव्हा: सांगलीतल्या एका लॅबबद्दल

साडेतीन स्टार.

रक्त तपासायच्या लॅबवर सहसा कोणी रिव्ह्यू लिहीत बसत नाही. मला मात्र दीडएक महिना एकाच तपासणीसाठी एकाच लॅबच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्यामुळे तिथलं बरं-वाईट सगळं पाठ झालंय. तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही.

पाळी चुकली, घरच्या किटवर दोन रेघा आल्या, आणि आठवड्याभरात थोडं थोडं काळपट डाग पडायला लागलं. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं, उजव्या गर्भनळीजवळ एक छोटीशी गाठ, म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी नळीतच रुजल्याची शंका. (गर्भलिंग जाणून घ्यायचं नाही, या फॉर्मवर त्याआधी सही झालेली होतीच.) डॉक्टरीणबाईंनी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर रक्तात वाढणाऱ्या हार्मोनची तपासणी, करायला सांगितली आणि लगेच बजावलं, ‘दर वेळी याच लॅबमध्ये करा.’ मला वाटलं, कमिशन असेल. तसं नव्हतं. लॅबगणिक मशीन आणि किट वेगळं असतं, आकडाही थोडा वेगळा येतो, आणि यात सगळा निर्णय आकडा किती चढला-उतरला यावरच असतो. सुरुवातीच्या दिवसांत नीट वाढणाऱ्या गर्भात तो साधारण दोन दिवसांत दुपटीच्या आसपास जातो. माझा ११४० वरून ४८ तासांनी १३९० झाला. दुप्पट नाही, आणि उतरतही नाही.

रिपोर्टच्या वेळेला या लॅबला पूर्ण मार्क. सकाळी आठला रक्त दिलं की दुपारी दोनच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. संध्याकाळच्या ओपीडीला जाताना आकडा हातात असणं किती मोठं आहे, ते रात्र काढावी लागलेल्या बाईलाच कळेल.

रक्त काढणारे काका या लॅबचं खरं भांडवल. माझी नस सापडत नाही. काका लहान मुलांची बारीक सुई घेतात, दर वेळी हात बदलतात, आणि ‘कितवा महिना’ वगैरे एक शब्द विचारत नाहीत. नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन मला दवाखान्यात कमरेत दिलं. त्याआधी लिव्हर, किडनी आणि सीबीसीही इथेच झालं. नवऱ्याने औषधाचं नाव मोबाईलवर शोधलं, कॅन्सरचं औषध म्हणून वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. हेच औषध संधिवातालाही देतात, हे काकांनीच त्याला समजावलं. फॉलिक अ‍ॅसिड मात्र त्या दिवसापासून बंद. आदल्या दिवसापर्यंत सासूबाई आठवणीने हातावर ठेवत होत्या तीच गोळी!

चौथ्या दिवशी आकडा १६१०. माझं धाबंच दणाणलं. इंजेक्शन फुकट गेलं म्हणून मी तिथेच बाकावर रडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, चौथ्या दिवशी वाढू शकतो, चौथ्या ते सातव्यात निदान १५ टक्के उतरायला हवा. सातव्या दिवशी ११८०. त्यानंतर दर आठवड्याला, पाचच्या खाली येईपर्यंत.

आता तक्रारी. पहिल्याच रिपोर्टला काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘अभिनंदन मॅडम, पॉझिटिव्ह आलंय, पेढे हवेत!’ तिचा दोष कमी, तिला कोणी सांगितलेलंच नाही. पण चिठ्ठीवर ‘दोन दिवसांनी पुन्हा’ असं लिहिलेलं असतं, तेवढं वाचून गप्प राहायला शिकवता येतं. दुसरी, प्रत्येक रिपोर्टखाली कितव्या आठवड्याला किती आकडा असतो याचा तक्ता छापलेला. इंजेक्शननंतर उतरत्या आकड्याखाली तोच तक्ता पाहायला कसं वाटतं, सांगत नाही.

बाकावर बायका भेटतात. तासगावकडच्या एका वहिनींची नळी फुटून पोटात रक्त साठलं होतं, ऑपरेशननंतर उरलेला आकडा मोजायला त्या यायच्या. आमच्या जाऊबाईंचंही काही वर्षांपूर्वी असंच झालं. पोट दुखतंय म्हणून घरी ओवा-हिंग देत बसलो, खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं ते कोणाला पोटाशी जोडताच आलं नाही, आणि चक्कर येऊन पडल्यावर मिरजेला नेलं. एक नळी काढावी लागली. म्हणून मला डॉक्टरांनी बजावलेलं आकडा उतरत असतानाही पाळलं: एकदम कळ, चक्कर किंवा खांदा दुखला तर रिपोर्टची वाट बघायची नाही, रात्र असली तरी थेट दवाखाना. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन नाही. मूल राहू द्यायचं नाही असे तीन महिने.

लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते. ज्या बाईला चक्कर येऊ शकते तिच्यासाठी ही गोष्ट बारीक नाही. रविवारी सकाळी उघडी असते, चौथा दिवस रविवारी आला तर अडत नाही. यूपीआय चालतं. घरी येऊन रक्त नेण्याची सोय आहे, पण दारात लॅबचा डबा दिसला की शेजारच्या काकू विचारणारच, म्हणून मी जिना चढत राहिले.

मालकांना सांगितलंय की मागचे सगळे आकडे तारखेसह एकाच कागदावर द्या आणि आठवड्यांचा तक्ता मागितला तरच छापा. ‘सॉफ्टवेअरवाल्याला विचारतो,’ म्हणाले. झालं तर अर्धा स्टार वाढवेन. काउंटरचा एक स्टार आणि लिफ्ट, ते वेगळं.